'ज्या वर्षी माझे आईबाबा सुट्टीवर गेले' : ब्राझीलचा चित्रपट आणि त्याची डीव्हीडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या छोट्या चित्रपट मंडळात काऊ हांबुर्गर यांचा हा चित्रपट दाखवला तेव्हापासून त्याविषयी विचारणा येत राहते. काही प्रश्न गोष्टीचे असतात, काही इतिहासाचे आणि बरेचसे डिस्कचे. तीच उत्तरे पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी ती येथे एकत्र केली आहेत. चित्रपटाचा शेवट फक्त प्रश्न १५ मध्ये सांगितला आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तेथपर्यंत जाऊ नये.

१. हा चित्रपट नेमका कोणता? शोधायचा तर कोणत्या नावाने शोधावा?

मूळ पोर्तुगीज नाव 'ऊ आनु एं की मेउस पाइस साइरांउ जी फेरियस' असे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'ज्या वर्षी माझे आईबाबा सुट्टीवर गेले' असाच होतो. ब्राझीलमध्ये तो नोव्हेंबर २००६ मध्ये प्रदर्शित झाला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. परदेशी बाजारातील डिस्क बहुधा 'द इयर माय पेरेंट्स वेंट ऑन व्हेकेशन' या इंग्रजी नावाने सापडते. नावातली 'सुट्टी' हे मुलाला पढवून ठेवलेले उत्तर आहे. कोणी विचारले, तर आईबाबा सुट्टीवर गेले आहेत असे सांगायचे, एवढेच त्याला ठाऊक असते.

२. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

साल १९७०. बारा वर्षांच्या माउरोला घेऊन त्याचे आईवडील निळ्या फोक्सवॅगन बीटलमधून बेलो होरिझोन्ते येथून साओ पावलोला येतात, बोम रेचिरो या वस्तीत आजोबांच्या इमारतीपाशी त्याला उतरवतात आणि लष्करी राजवटीपासून लपण्यासाठी घाईने निघून जातात. फुटबॉलच्या वर्ल्ड कपपर्यंत परत येऊ, असे वडिलांनी वचन दिलेले असते. आजोबा मात्र त्याच दिवशी वारलेले असतात, आणि हे आईवडिलांना माहीतच नसते. बंद दारासमोर बसलेल्या या मुलाला शेजारचे श्लोमो नावाचे वयस्कर, एकटे राहणारे, शिस्तीचे ज्यू गृहस्थ नाइलाजाने आपल्या घरात घेतात.

पुढचा चित्रपट वाट पाहण्याचा आहे. माउरो आजोबांच्या घरातल्या फोनजवळ बसून राहतो, आणि रस्त्यावर निळी बीटल दिसली की त्याच्या पोटात खड्डा पडतो. त्या काळच्या ब्राझीलमध्ये बीटल ही सर्वांत जास्त दिसणारी गाडी होती, त्यामुळे हा खड्डा रोजच पडतो.

३. ही दिग्दर्शकाची स्वतःची गोष्ट आहे का?

अर्धी आहे. काऊ हांबुर्गर यांचा जन्म १९६२ चा, साओ पावलोचा. वडील एर्न्स्ट हांबुर्गर आणि आई अमेलिया इंपेरियो हांबुर्गर हे दोघेही साओ पावलो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. वडील बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. नाझी राजवटीमुळे त्यांचे कुटुंब १९३६ मध्ये ब्राझीलला आले तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते. आई ज्यू नव्हती. १९७० मध्ये लष्करी राजवटीने या दाम्पत्याला काही काळ अटकेत ठेवले आणि त्या दिवसांत मुले आजीआजोबांच्या आधाराने राहिली. मिश्र घर, अचानक नाहीसे झालेले आईवडील, मोठ्यांच्या कुजबुजीतून जग समजून घेणारे मूल आणि त्याच वर्षीचा वर्ल्ड कप हे सगळे चित्रपटात आले आहे.

बाकीचे रचलेले आहे. दिग्दर्शक तेव्हा आठ वर्षांचे होते, माउरो बारा वर्षांचा आहे. दिग्दर्शकांना भावंडे होती, माउरो एकटा आहे. मुख्य म्हणजे दिग्दर्शकांचे आईवडील दोघेही घरी परतले. पटकथा चौघांनी मिळून लिहिली आहे, त्यामुळे ही सरळसोट आठवण नव्हेच. माझ्या मते माउरोचे वय वाढवणे हा त्यांतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. आठ वर्षांच्या मुलाला पढवलेले उत्तर खरे वाटले असते. बाराव्या वर्षी ते खोटे आहे हे कळत असते, आणि तरीही धरून ठेवावेसे वाटते.

जाता जाता एक गोष्ट. एर्न्स्ट हांबुर्गर यांना विज्ञानप्रसारासाठी २००० चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला होता. बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेला हाच पुरस्कार १९९६ मध्ये आपल्या जयंत नारळीकरांना मिळाला होता.

४. त्या वर्षी ब्राझीलमध्ये चालले तरी काय होते?

१९६४ मध्ये लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले आणि ती राजवट १९८५ पर्यंत टिकली. १३ डिसेंबर १९६८ रोजी निघालेल्या 'संस्थात्मक आदेश क्रमांक ५' नंतर संसद बंद झाली, राजकीय गुन्ह्यांसाठी न्यायालयात दाद मागून सुटका मिळवण्याचा मार्ग गेला आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला. १९७० मध्ये जनरल मेडिसी अध्यक्ष होते. हा सर्वांत कठोर काळ समजला जातो, आणि अर्थव्यवस्था वेगाने वाढण्याचाही तोच काळ होता. 'ब्राझीलवर प्रेम करा, नाहीतर चालते व्हा' अशा घोषणेची स्टिकरे गाड्यांच्या काचांवर लागत होती. चित्रपटात यांपैकी फारसे काही कोणी समजावून सांगत नाही. घोडेस्वार पोलीस येतात, पांगापांग होते, भिंतीवर घोषणा रंगवलेली दिसते, आणि कॅमेरा मुलाच्या उंचीवरच राहतो.

५. मला फुटबॉलमध्ये रस नाही. तरी चित्रपट समजेल का?

समजेल, पण तीन गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली, मेक्सिकोतील तो वर्ल्ड कप ३१ मे ते २१ जून १९७० या काळात झाला आणि ब्राझीलने सहाच्या सहा सामने जिंकले. अंतिम सामन्यात इटलीला ४-१ असे हरवून झूल रिमे करंडक त्यांनी कायमचा आपल्याकडे ठेवला. लष्करी सरकारने या विजयाचा पुरेपूर वापर करून घेतला. स्पर्धेच्या काही महिने आधी प्रशिक्षक झुआंउ साल्दान्या यांना हटवण्यात आले होते. ते उघडपणे कम्युनिस्ट होते. त्यांच्या जागी झागालो आले.

दुसरी, डाव्या विचारांच्या तरुणांची त्यामुळे झालेली कोंडी. ब्राझीलचा पहिला सामना चेकोस्लोव्हाकियाशी होता आणि पहिला गोल चेकोस्लोव्हाकियाने केला. चित्रपटात ईतालो आणि त्याचे विद्यार्थी मित्र हा समाजवादाचा विजय म्हणून साजरा करू पाहतात. मग रिव्हेलिनोचा गोल होतो आणि तेच तरुण सगळे विसरून ओरडू लागतात. सामना ब्राझीलने ४-१ असा जिंकला. दोन मिनिटांच्या या प्रसंगात एका पिढीची फरफट दिसते, म्हणून तो पुन्हा पाहण्यासारखा आहे.

तिसरी, गोलकीपर. माउरोला गोलकीपर व्हायचे असते. मैदानावर इतर कोणी चुकले तर चालते, गोलकीपर चुकून चालत नाही आणि तो एकटाच वाईटाची वाट पाहत उभा असतो, हे त्याने वडिलांकडून ऐकलेले असते. ब्राझीलमध्ये या कल्पनेला १९५० ची जखम आहे. माराकाना मैदानावर उरुग्वेकडून २-१ अशी हार झाली आणि तिचा दोष बार्बोझा या कृष्णवर्णीय गोलकीपरला आयुष्यभर वाहावा लागला. म्हणून वस्तीतल्या सामन्यात एक कृष्णवर्णीय गोलकीपर हवेत झेपावतो आणि आपण काळे व उडते व्हायचे असे माउरो मनाशी ठरवतो, तेव्हा ब्राझीलच्या प्रेक्षकाला त्यात जास्त काही ऐकू येते.

६. तो टेबलावर बोटांनी खेळतो तो खेळ कोणता?

त्याला तेथे 'बटणांचा फुटबॉल' म्हणतात. मोठ्या बटणांसारख्या चकत्या हे खेळाडू. हातातल्या लहान चपट्या चकतीने त्यांची कड दाबली की त्या सटकन पुढे सरकतात. गोलकीपर म्हणून काडेपेटीत काहीतरी जड भरून ती गोलात उभी करण्याची जुनी पद्धत आहे. कॅरम खेळलेल्या माणसाला यातली बोटांची मजा सांगावी लागत नाही. चित्रपटात माउरो हा खेळ बराच वेळ एकटाच खेळतो, दोन्ही बाजूंनी.

७. चित्रपटात किती भाषा आहेत? इंग्रजी सबटायटल्सवर भागेल का?

मुख्य भाषा पोर्तुगीज आहे आणि श्लोमो व त्यांच्या पिढीची माणसे आपसांत यिद्दिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) बोलतात. प्रार्थनेत हिब्रूही येते. गोष्ट समजण्यापुरते इंग्रजी सबटायटल्सवर भागते, पण एक मोठी गोष्ट हातची जाते. पडद्याच्या तळाशी उमटणारी पांढरी ओळ सर्व भाषांची सारखीच दिसते. प्रेक्षकाला सगळे कळते आणि माउरोला मात्र त्यातले अर्धे कळलेले नसते. म्हातारी मंडळी टेबलाभोवती बसून या मुलाचे काय करायचे यावर वाद घालतात आणि तो मध्ये बसून नुसती तोंडे पाहतो. हा प्रसंग अर्थ कळत असताना विनोदी वाटतो आणि अर्थ काढून घेतला की भीतिदायक होतो.

म्हणून आम्ही असे सुचवतो की पहिल्यांदा सबटायटल्स लावून पाहावे आणि नंतर श्लोमोच्या घरातले पहिले दोनतीन प्रसंग सबटायटल्स बंद करून पुन्हा पाहावे. पोर्तुगीज ओळखायला नाकातले स्वर कामी येतात ('आंउ', 'एं'). यिद्दिश जर्मनच्या अंगाने जाते आणि तिच्यात घशातला 'ख' सतत ऐकू येतो. सबटायटल्स चित्रातच छापलेली असली तर ती बंद करता येत नाहीत, म्हणून जुनी डिस्क घेताना ती काढता येण्यासारखी आहेत का हे विक्रेत्याला आधी विचारावे. डब केलेली आवृत्ती मिळाली तर ती घेऊ नये. या चित्रपटात डबिंग म्हणजे गोष्टीचीच वजाबाकी आहे.

८. मी गोव्याचा आहे, घरात आजी पोर्तुगीज बोलते. तिला हे समजेल का?

बहुतेक समजेल, पण पहिली दहा मिनिटे ती कुरकुर करील. गोव्यातील जुन्या पिढीची पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाची आहे. चित्रपटाच्या नावातला शेवटचा शब्द लिस्बनच्या उच्चारात 'फेरियश' होतो, साओ पावलोत 'फेरियस'. लिस्बनचा 'द' ब्राझीलमध्ये 'जी' होतो आणि 'ती' चा 'ची'. त्यामुळेच वस्तीचे नाव आम्ही 'बोम रेतिरो' असे न लिहिता 'बोम रेचिरो' असे लिहितो. ब्राझीलचे लोक स्वर मोकळे सोडून बोलतात, त्यामुळे कान एकदा बसला की उलट सोपे जाते. यिद्दिशसाठी मात्र आजींनाही सबटायटल्स लागतील.

९. बोम रेचिरो ही खरी वस्ती आहे का?

होय. साओ पावलोच्या मध्यभागी, लूझ रेल्वे स्थानकाजवळ ती आहे. इटालियन कामगार, पूर्व युरोपातून आलेले ज्यू, ग्रीक आणि नंतर कोरियन व बोलिव्हियन अशी माणसे येथे एकामागून एक येत गेली, आणि तयार कपड्यांचा धंदा या हातातून त्या हातात गेला. हाना नावाच्या मुलीच्या आईचे कपड्यांचे दुकान चित्रपटात आहे ते याच परंपरेतले. कोरिंथियन्स हा प्रसिद्ध फुटबॉल क्लबही १९१० मध्ये याच वस्तीत स्थापन झाला.

१०. माउरो ज्यू आहे की नाही? आणि कोकणातले बेने इस्रायल यांच्यासारखेच हे लोक का?

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे धर्म आईकडून येतो. माउरोचे वडील ज्यू आहेत, आई नाही, त्यामुळे शास्त्राने तो ज्यू ठरत नाही. त्याची सुंता झालेली नाही हे श्लोमोच्या लक्षात येते तेव्हा ते हादरतात ते यामुळेच. तरीही वस्ती त्याला 'मोइशेले' म्हणू लागते. मोइशेले म्हणजे छोटा मोशे, टोपलीत घालून नदीत सोडलेला आणि परक्यांना सापडलेला. शास्त्र जागच्या जागी ठेवून माणसांनी काढलेली ही वाट आहे.

अलिबाग-पेण भागातील बेने इस्रायल आणि हे लोक यांचा धर्म एक, शब्बाथ एक, पण भाषा आणि ताट पूर्ण वेगळे. बेने इस्रायलांची घरची भाषा मराठी, यांची यिद्दिश. सकाळी न्याहारीला समोर आलेला मासा पाहून माउरोचे तोंड वाकडे होते, त्या प्रसंगाला आमच्या मंडळातील एक कोकणी सदस्य मोठ्याने म्हणाले, "अरे, खा की!"

११. हा 'सिटी ऑफ गॉड'च्या दिग्दर्शकाचा चित्रपट आहे ना? याला ऑस्कर मिळाले का?

दिग्दर्शक वेगळे आहेत, पण पटकथाकारांपैकी ब्रॉलियो मांतोव्हानी आणि संकलक दानियेल रेझेंदे हे दोघे त्या २००२ च्या चित्रपटाचेही होते, म्हणून हा गोंधळ होतो. ऑस्करसाठी ब्राझीलने हाच चित्रपट पाठवला होता. जानेवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या नऊ चित्रपटांच्या यादीत तो होता, अंतिम पाचांत आला नाही. ब्राझीलचा २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा 'आय ॲम स्टिल हिअर' हा वॉल्टर सॅलेस यांचा चित्रपट त्याच राजवटीविषयी आहे. तेथे केंद्रस्थानी आई आहे, येथे मूल. दोन्ही पाहायचे असतील तर आधी हा पाहावा.

१२. मुलांबरोबर पाहता येईल का?

अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर अवश्य पाहावा. अमेरिकेत त्याला 'पीजी' प्रमाणपत्र आहे. मारहाण थोडी आणि बहुतेक दूरून दिसते. पालकांना आधी ठाऊक असावा असा एकच प्रसंग आहे. हाना आईच्या दुकानातील कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीच्या भोकातून डोकावू देण्याचे मुलांकडून पैसे घेते. चित्रपट तो खट्याळपणे दाखवतो. आज तो पाहताना आपल्याला मुलांशी दोन शब्द बोलावे लागतील.

१३. कोणत्या देशाची डीव्हीडी घ्यावी? येथे चालेल का?

डीव्हीडीला प्रदेश क्रमांक असतो. भारत ५, अमेरिका १, पश्चिम युरोप २ आणि ब्राझील ४. आपला प्लेअर सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा नसेल तर यांपैकी कोणतीच परदेशी डिस्क चालणार नाही. बरेच प्लेअर रिमोटवरून विशिष्ट आकडे दाबून सर्व प्रदेशांसाठी मोकळे करता येतात, त्यामुळे आधी आपल्या प्लेअरची माहितीपुस्तिका काढावी.

एक अपवाद लोकांना हमखास चकवतो. ऑस्ट्रेलियाही प्रदेश ४ मध्येच येतो, पण ऑस्ट्रेलियाच्या डिस्क पाल पद्धतीच्या असतात आणि ब्राझीलच्या एनटीएससी पद्धतीच्या (या टीव्हीवर चित्र दाखवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). क्रमांक एक असला तरी पद्धत वेगळी असू शकते. ब्लू-रेची विभागणी तर निराळीच आहे. तेथे अमेरिका आणि ब्राझील दोन्ही 'ए' मध्ये, युरोप 'बी' मध्ये आणि भारत 'सी' मध्ये येतो.

आमची फजिती सांगून ठेवतो. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या डिस्कच्या वेष्टनावर 'सर्व प्रदेश' असे चिकटवलेले होते. तीस माणसे खुर्च्यांवर बसल्यावर प्लेअरने प्रदेश चुकल्याचा संदेश दाखवला. शेवटी एका सदस्याच्या लॅपटॉपवर काम भागले, पण तेथेही मेख होती. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रदेश सर्वसाधारणपणे पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्यांदा निवडलेला प्रदेश कायमचा राहतो. त्यांचा हा पाचवा बदल होता. तो लॅपटॉप अजून अमेरिकेतच आहे.

१४. एका ठिकाणी चित्रपट १०४ मिनिटांचा म्हटला आहे, माझी डिस्क १०० मिनिटांतच संपते. काही कापले आहे का?

बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पाल पद्धतीत तो २५ चौकटींनी चालवला जातो. त्यामुळे सगळे चार टक्क्यांनी वेगाने सरकते आणि १०४ मिनिटांचा चित्रपट १०० मिनिटांत संपतो. आवाजही किंचित चढतो. संगीताचा चांगला कान असलेल्यांना बेतो व्हिलारेस यांच्या संगीतात तो फरक जाणवतो. फरक याहून मोठा असेल तरच काटछाटीची शंका घ्यावी.

हा चित्रपट महाविद्यालयात दाखवण्याविषयीही आम्हाला विचारले जाते. घरगुती डिस्क ही घरी पाहण्यासाठी असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि त्या कामाशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरत्या प्रदर्शनाला सवलत आहे. बाहेरच्या प्रेक्षकांना बोलावले की ती सवलत संपते आणि हक्कधारकाची परवानगी लागते.

१५. (शेवट उघड होतो.) वडिलांचे नेमके काय झाले, हे चित्रपट सांगत का नाही?

कारण ते माउरोला कोणी सांगत नाही. अंतिम सामन्याच्या सुमारास आई परत येते, खंगलेली, अंथरुणाला खिळलेली. वडील येत नाहीत. रस्त्यावर फटाके आणि झेंडे असतात आणि आतल्या खोलीत एका मुलाला काहीही न विचारता सगळे समजते. मग आई आणि मुलगा देश सोडतात. वडिलांना 'उशीर झाला' हे घरातले जुने वाक्य माउरो शेवटपर्यंत सोडत नाही. प्रश्न ३ मध्ये म्हटल्याप्रमाणे दिग्दर्शकाच्या घरी असे झाले नाही, ते इतर अनेक घरांत झाले. राष्ट्रीय सत्यशोधन आयोगाने डिसेंबर २०१४ च्या अहवालात ४३४ मृत आणि बेपत्ता व्यक्तींची नोंद केली.

'मग निदान मृत्यूचा दाखला तरी मिळाला असेल ना', असे एका वाचकाने विचारले होते. बेपत्ता झालेल्यांना मृत मानणारा कायदा डिसेंबर १९९५ मध्ये झाला. प्रश्न ११ मध्ये आलेला चित्रपट ज्यांच्या कुटुंबावर आहे ते माजी खासदार रुबेन्स पायव्हा जानेवारी १९७१ मध्ये घरातून नेले गेले होते. त्यांच्या पत्नीच्या हातात तो दाखला १९९६ मध्ये पडला.